प्रभूच्या प्रार्थनेतली ती एक ओळ माझ्या तोंडून निघत नाही

अबोली
आधीच सांगते, लांबण लागणार आहे. श्रद्धेचे विषय ज्यांना नकोत त्यांनी खुशाल पुढे जावं, राग नाही.

दर रविवारी चर्चमध्ये उपासनेत आम्ही सगळे मिळून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणतो. लहानपणापासून पाठ आहे, झोपेतसुद्धा म्हणेन. पण गेली तीन वर्षं 'जसे आम्ही आपल्या ऋण्यास ऋण सोडले आहे' ही ओळ आली की माझे ओठ मिटतात. 'आम्हास परीक्षेत आणू नको'ला पुन्हा सुरू होतात. ठरवून करत नाही, होतं. कुणाच्या लक्षात येत नसेल अशा समजुतीत होते. मागच्या महिन्यात बाहेर पडताना मुलगी म्हणाली, "आई, तू मधलं एक वाक्य गाळतेस." नऊ वर्षांची आहे ती.

ऋणी म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. बाबा चार दिवस रुग्णालयात होते. मी एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर. दादा रोज फोनवर सांगायचा, "काही विशेष नाही, तपासण्या चालू आहेत, धावपळ करू नकोस." पाचव्या दिवशी पहाटे फोन आला. पोचले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. बाबांच्या पलंगावरची चादरसुद्धा बदललेली. नंतर कळलं, डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी 'ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा' असं सांगितलं होतं. का नाही कळवलंस म्हणून विचारलं, तर "तुला त्रास नको म्हणून." एवढंच. (कुणी विचारायच्या आत सांगते, मालमत्तेचं काहीही भांडण नाही.)

आता तीन वर्षांनी त्याचा मेसेज आलाय. "माझं काही चुकलं असेल तर माफ कर."

असेल तर!

वचनं मला माहीत आहेत, कृपा करून ती पाठवू नका. क्षमा करायची म्हणजे नेमकं काय करायचं असतं? आतून वाटतच नसेल तर ते आणायचं कुठून? ज्यांना जमलंय त्यांनी लिहा. ज्यांना जमलेलं नाही त्यांनी तर नक्कीच लिहा.

प्रभातकिरण
ताई, सगळं प्रभूच्या पायाशी ठेवा आणि विसरून जा. मनात कटुता ठेवली तर ती आपल्यालाच खाते. तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

तिरकस
'विसरून जा' हे वाक्य ज्याला विसरायचं नसतं त्यालाच का ऐकवतात देव जाणे. मी तुमच्या धर्मातला नाही, खरं तर कुठल्याच नाही, पण धाग्याचं शीर्षक बघून आत आलो. वाचतोय.

मीठ_दिवा
अबोली, वचन पाठवत नाही, एका शब्दाबद्दल बोलतो. चालेल ना?

मत्तयाच्या शुभवर्तमानात क्षमेसाठी जे ग्रीक क्रियापद आहे ते 'अफिएमी'. अर्थ : सोडणं, जाऊ देणं. शिष्य जाळी टाकून येशूच्या मागे गेले तिथे हाच शब्द (४:२०). पेत्राच्या सासूचा ताप निघून गेला तिथेही हाच (८:१५). म्हणजे मुळात ही भावना नव्हेच, ही कृती आहे. हातातली वस्तू सोडायची. सोडताना मन प्रसन्न असलंच पाहिजे असं त्या शब्दात कुठेही नाही. आता ते कोळी जाळी सोडताना खुशीत होते की नव्हते, कुणी लिहून ठेवलेलं नाही.

दुसरं म्हणजे आपल्या मराठी प्रार्थनेत 'ऋण' आहे ते किती बरं आहे. मत्तयात मूळ शब्दही 'देणं' असाच आहे. लूकमध्ये तर गंमत आहे, पहिल्या अर्ध्यात 'पापे' आणि दुसऱ्या अर्ध्यात 'ऋणी', एकाच वाक्यात. मला हा हिशेबाचा शब्द आवडतो, कारण कर्ज माफ करणारा माणूस 'कर्ज नव्हतंच' असं म्हणत नाही. उलट आकडा माहीत असल्याशिवाय माफ काय करणार?

अबोली
चालेल काय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटत होतं क्षमा म्हणजे 'जाऊ दे, एवढं काही नाही' असं म्हणणं. आणि ते एवढं काही होतंच.

तिरकस
हिशेबाचा विषय निघालाच आहे तर ती दहा हजारांची गोष्ट सांगा ना कुणीतरी. अर्धवट ऐकलीय.

मीठ_दिवा
मत्तय १८. एका चाकराने राजाचं १०,००० तालांत देणं केलेलं असतं. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. गुणाकार केला तर ६ कोटी दिवसांची मजुरी होते. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर फेडायला २ लाख वर्षं.

चाकर पाया पडून म्हणतो, 'मला वागवून घ्या, सगळं फेडतो.' (२ लाख वर्षं! हे ऐकून त्या काळचे लोक हसले असणार, माझी खात्री आहे.) राजाला कळवळा येतो आणि तो सगळंच सोडून देतो. बाहेर पडल्यावर या गृहस्थाला त्याचं १०० दिनार देणं असलेला सोबती भेटतो. हा त्याचा गळा धरतो.

कोनाडा
शब्बाथाची सुटी धरलीत का? आठवड्याला सहा दिवसांप्रमाणे ३१२ होतात, मग १ लाख ९२ हजार वर्षं. राजाची थोडी बचत.

मीठ_दिवा
:) मान्य. पण अबोलीसाठी महत्त्वाचा आकडा दुसरा आहे. १०० दिनार. आम्हाला प्रवचनात नेहमी 'क्षुल्लक रक्कम' म्हणून सांगतात. शंभर दिवसांची मजुरी क्षुल्लक कशी? हातावर पोट असणाऱ्याच्या घरात तीन-साडेतीन महिन्यांचं अन्न आहे ते. येशूने दोन पैशांचं उदाहरण घेतलं नाही. दुखेल असाच आकडा घेतला.

तिरकस
गोष्ट भारी आहे, पण शेवट आता शोधून वाचला. राजा त्याला छळणाऱ्यांच्या हवाली करतो आणि येशू म्हणतो, तुम्ही मनापासून क्षमा केली नाहीत तर माझा पिताही तुमचं असंच करील. ही तर सरळ धमकी झाली. 'माफ कर नाहीतर बघ.' धाकाने केलेली माफी मनापासूनची कशी असेल? उत्तर टाळू नका.

मीठ_दिवा
टाळत नाही. ते वाक्य मलाही घाबरवतं आणि त्याला मऊ करून सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. माझ्यापुरतं मी असं समजतो : त्या चाकराला माफी मिळाली, पण शिरली नाही. खरंच दोन लाख वर्षांचं ओझं उतरलेला माणूस बाहेर येऊन कुणाचा गळा धरील? तो अजून 'मी फेडीन' याच धुंदीत आहे. म्हणून त्याला वसुली सुचते. क्षमा ही माफी मिळण्यासाठी भरायची फी नव्हे, माफी पोचल्याची खूण आहे, असं मी वाचतो. तुमचं समाधान होईल असं नाही.

तिरकस
अर्धं झालं. पुढे चला.

उंबरा
मी सहसा लिहीत नाही. पण याच अध्यायाने माझी अकरा वर्षं गेली, म्हणून लिहिते.

नवरा मारायचा. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे गेले की ते 'साताच्या सत्तर वेळा क्षमा कर' हे वचन दाखवायचे. मी एकदा खरंच मोजायला घेतलं होतं, वहीच्या मागच्या पानावर, उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. साठाच्या पुढे कुठेतरी सोडून दिलं. मोजण्याचीच लाज वाटली.

कुणीही मला सांगितलं नाही की ते 'सत्तर वेळा' येतं त्याच्या जरासं आधी, त्याच अध्यायात, १५ ते १७ ओव्यांत येशूने चूक करणाऱ्याचं काय करायचं ते सांगून ठेवलंय. आधी एकट्याने जाऊन त्याला त्याचा अपराध दाखव. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने. तरी नाही तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परराष्ट्रीय आणि जकातदार यांसारखा, म्हणजे बाहेरचा, होवो. मी तिन्ही पायऱ्या चढले होते हो! तिसऱ्या पायरीवर मंडळीनेच मला परत खाली पाठवलं.

घर सोडलं. क्षमा नंतर केली, खूप नंतर, आणि ती केली तेव्हा तो समोर नव्हता. मार्क ११:२५ मध्येही 'तुम्ही प्रार्थनेला उभे राहता तेव्हा' क्षमा करा असं आहे. तिथे दुसरा माणूस हजर असायची गरजच नाही. पण परत राहायला जाणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याला दोघं लागतात.

प्रभातकिरण
ताई, तुमचं वाचून काही सुचेना. वरचा माझा प्रतिसाद घाईचा होता. काढत नाही, पण घाईचा होता.

तिरकस
उंबरा, तुमच्याशी वाद घालायची इच्छा नाही, पण एक शंका राहवत नाही. येशू तर जकातदारांबरोबर जेवायला बसायचा ना?

उंबरा
बसायचा. आणि त्यांतलाच एक, जक्कय, उभा राहून म्हणाला होता, ज्याचं फसवून घेतलं असेल त्याला चौपट परत देतो.

मीठ_दिवा
क्रम मात्र बघा हं. 'आज तुझ्या घरी उतरायचं आहे' हे येशू आधी म्हणतो, चौपटीची भाषा नंतर येते.

उंबरा
बघितलाय क्रम. पण येशू एका दिवसाचा पाहुणा होता. मला जन्म काढायचा होता.

मीठ_दिवा
यावर माझ्याकडे उत्तर नाही. असू नयेच.

कोनाडा
आम्हा कॅथलिकांकडे या विषयावर एक फोटो नेहमी दाखवतात. १३ मे १९८१ ला सेंट पीटर चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर मेहमेत अली आग्जाने गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी रुग्णालयातून त्यांनी 'माझ्यावर गोळी झाडणाऱ्या त्या भावाला मी मनापासून क्षमा केली आहे' असं कळवलं. डिसेंबर १९८३ मध्ये त्याला तुरुंगात जाऊन भेटले. फोटो तेव्हाचा आहे, दोघं कोठडीत खुर्च्यांवर जवळजवळ बसून हळू आवाजात बोलताहेत.

पण फोटोत न दिसणारी गोष्ट उंबरांच्या मुद्द्याला धरून आहे. भेटीनंतर पोप घरी गेले आणि आग्जा कोठडीतच राहिला. इटलीतून तो सुटला २००० साली. तसंच ग्लॅडिस स्टेन्स यांचं. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला पती ग्रॅहॅम आणि दोन लहान मुलं, फिलिप आणि तिमथी, यांना गाडीत जिवंत जाळलं. बाईंनी जाहीरपणे क्षमा केली. खटला त्याच्या वाटेने चालला आणि दोषींना शिक्षा झाली. क्षमा आणि न्याय एकाच वेळी चालू शकतात.

तिरकस
चार दिवस! माझ्या पायावर पाय देणाऱ्याला मला आठवडा लागतो.

अबोली
कोनाडा, रागावू नका, पण अशी उदाहरणं ऐकली की मी आणखी खचते. त्यांनी गोळी माफ केली, मुलांची हत्या माफ केली, आणि मला भावाचे चार फोन माफ करता येत नाहीत.

शिवाय आग्जा काही पोपच्या घरातला नव्हता. दादा अजूनही माझ्या मुलीला दर शनिवारी फोनवर गणित शिकवतो, आणि छान शिकवतो. तो राक्षस असता तर माझं काम सोपं झालं असतं.

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितोय. कोरी टेन बूम या डच बाई माहीत असतील. ज्यूंना घरात लपवलं म्हणून १९४४ मध्ये सगळ्या कुटुंबाला पकडलं. बहीण बेट्सी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत वारली. १९४७ मध्ये म्युनिकला कोरींचं क्षमेवरच व्याख्यान होतं. ते संपल्यावर त्याच छावणीतला एक पहारेकरी समोर आला आणि त्याने हात पुढे केला.

यांचा हात वर येईना. नुकतंच व्याख्यान दिलेलं, क्षमेवर! त्यांनी लिहिलंय की आत काहीही वाटत नव्हतं. मग मनातल्या मनात प्रार्थना केली की हात मी उचलते, भावना तू दे. लाकडासारखा हात पुढे केला. जे काही वाटायचं ते हातात हात गेल्यावर वाटलं.

मला त्यातलं त्या शेवटापेक्षा ते 'हात वर येईना' जास्त पटतं. माझाही येत नाहीये. कुणासाठी ते इथे लिहीत नाही.

मीठ_दिवा
वाचनमात्र, लिहीत राहा.

अबोली, भावाबहिणींचा प्रश्न असेल तर पोप बाजूला ठेवू, जुन्या करारातला योसेफ घेऊ. त्याची गोष्ट शेवटून सांगायची सवय झालीय आपल्याला, 'तुम्ही वाईट योजले पण देवाने चांगले योजले' वगैरे. मधलं वाचा. भावांनी विकल्यावर मिसरात त्याला पहिला मुलगा होतो. नाव ठेवतो मनश्शे, म्हणजे 'विसर पाडणारा', कारण देवाने मला बापाच्या घराचा विसर पाडला. आता सांगा, ज्याला विसर पडलाय तो रोज पोराला हाक मारताना त्याच गोष्टीची आठवण काढील का?

पुढे तो तिथे मोठा अधिकारी झाल्यावर भाऊ धान्यासाठी दारात येतात तेव्हा लगेच गळ्यात पडत नाही. ओळख देत नाही, कडक बोलतो, एकाला अडकवून ठेवतो, धाकट्याला घेऊन या म्हणतो. मधे दोनदा बाजूला जाऊन रडतो. एकदा तर रडून, तोंड धुऊन, स्वतःला आवरून पुन्हा बाहेर येतो. हे भाऊ अजून तसेच आहेत की बदललेत हे तो बघत असतो. यहूदा जेव्हा म्हणतो की धाकट्याऐवजी मला गुलाम ठेवा, तेव्हा कुठे बांध फुटतो. भावाला विका म्हणणारा तोच यहूदा!

आणि त्यानंतर सतरा वर्षांनी बाप वारला तर भावांना पुन्हा धास्ती, आता हा उट्टं काढणार. योसेफ परत रडतो. म्हणजे एवढ्या वर्षांनीही पूर्ण मिटलेलं नव्हतंच.

तिरकस
पोराचं नाव 'विसर' ठेवणारा माणूस मला आवडला.

कोनाडा
अबोली, तुमचं बरोबर आहे, मी मोठ्यांचीच उदाहरणं दिली. मला कामी आलेलं सांगतो. कन्फेशनला गेल्यावर 'माझी बरीच पापं आहेत, सगळी माफ करा' असं मोघम बोललं की आमचे एक म्हातारे फादर थांबवायचे. "कुठलं? नाव घे." नाव घेतल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. भावाचं काय चुकलं ते तुम्ही नावानिशी कधी त्याला सांगितलंय का? 'असेल तर' म्हणतोय तो. त्याला कदाचित आकडा माहीतच नसेल.

अबोली
नाही सांगितलं. तीन वर्षं मी फक्त तुटक बोलत आले.

प्रभातकिरण
यादी करून बघा ताई. (या वेळी घाईत लिहीत नाहीये.)

अबोली
(दोन आठवड्यांनी)
केली. एका कागदावर. वाटलं होतं पान भरेल, झाल्या चारच ओळी. चार दिवस, चार फोन. प्रत्येकापुढे तो काय म्हणाला ते लिहिलं, आठवत होतं शब्दन्‌शब्द. मग त्याच्या मेसेजला उत्तर पाठवलं : "चुकलं आहे. काय ते सांगते." आणि त्या चार ओळी. शेवटी लिहिलं, "त्या चार दिवसांत बाबा काय काय बोलले ते मला सांग. ते माझं तुझ्याकडे राहिलंय."

तीन दिवस काही नाही. दोन निळ्या खुणा मात्र आलेल्या. मग शनिवारी मुलीचं गणित झाल्यावर ती म्हणाली, मामाला तुझ्याशी बोलायचंय.

पाऊण तास बोलला. बरंचसं साधंच. बाबांना चष्मा सापडत नव्हता, खिडकी बंद करा म्हणत होते. मग म्हणाला की तिसऱ्या दिवशी त्यांनी दोनदा विचारलं, "ती आली का?" आणि दोन्ही वेळा त्याने सांगितलं, "वाटेत आहे."

मला हे माहीत नव्हतं. चार ओळींचा हिशेब घेऊन बसले होते, त्यात पाचवी आली आणि ती पहिल्या चारांहून मोठी. मी फोन कानाला लावून नुसती उभी. मुलगी समोर बसून पेन्सिलीला टोक करत होती.

त्याने कारणही सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बोलले तेव्हा 'बोलवा' म्हणणं म्हणजे बाबा जाणार हे आपण मान्य करणं, असं त्याला वाटलं. म्हणून बोलावलं नाही, आणि एकदा खोटं बोलल्यावर पुढचं खोटं आपोआप आलं. खरं असेल. मला खरं वाटलं. पण त्याने रक्कम कमी झाली नाही.

फोन ठेवताना म्हणाला, "त्या मेसेजमधलं 'असेल तर' खोडून वाच."

उंबरा
बाई गं.

मीठ_दिवा
काही लिहीत नाही. वाचलं.

तिरकस
मग सोडलंत का?

अबोली
माहीत नाही हो. पाचवी ओळ कागदावर लिहिली, म्हणजे आता कळतंय काय सोडायचंय. त्या 'साताच्या सत्तर'ला मी नेहमी ४९० वेगवेगळ्या चुका समजत होते. एकच चूक ४९० वेळा असंही असू शकतं का, मीठ_दिवा? कारण सकाळपासून मी ते 'वाटेत आहे' तीनदा सोडलंय आणि तीनदा परत उचललंय.

मीठ_दिवा
असू शकतं. काही जण त्या आकड्याचं भाषांतर सत्त्याहत्तर असंही करतात. उत्पत्तीच्या पुस्तकात काइनाचा वंशज लामेख बढाई मारतो, काइनाचा सूड सातपट तर माझा सत्त्याहत्तरपट. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे हेच शब्द आहेत. सुडाची मोजणी होती ती येशूने उलटी फिरवली. पण तुमच्या तीन वेळा मोजण्यात धरा, लामेखाने धरल्या असत्या.

वाचनमात्र
रविवारी काय झालं ते लिहाल का? मला माझ्यासाठी हवंय.

अबोली
लिहीन. मुलीने आत्ताच विचारून ठेवलंय, "तू म्हणणार असलीस तर मी जरा हळू म्हणू का?"